मोटर घुमते, दार मात्र ढिम्म!

अमेरिकेच्या उपनगरांत घराचं दर्शनी दार पाहुण्यांसाठी असतं. घरच्यांची रोजची ये-जा गॅरेजमधून होते. एडिसनला किंवा फ्रीमाँटला मुलाकडे गेलेल्या आई-बाबांनाही दोन दिवसांत हाच रस्ता पाठ होतो: बटण दाबायचं, अख्खी भिंत वाटावी एवढं रुंद दार वर सरकतं, चपला तिथेच काढायच्या आणि आत शिरायचं. मग एखाद्या सकाळी बटण दाबल्यावर छताला टांगलेली पेटी नुसतीच घुमते आणि दार जागचं हलत नाही. अशा वेळी सगळे संशयाने मोटरकडे बघतात. तो संशय बहुतेक वेळा खोटा ठरतो. तो का खोटा ठरतो हे समजलं की या यंत्रातल्या एकेक गमती दिसू लागतात.

खरी ताकद कुणाची?

दोन गाड्यांच्या गॅरेजचं दार साधारण 16 फूट रुंद आणि 7 फूट उंच असतं. साध्या पोलादी पत्र्याचं असलं तरी वजन सहज 60-70 किलो भरतं. आत उष्णतारोधक थर असेल किंवा दार लाकडी असेल, तर ते शंभर किलोंच्याही पुढे जातं. पण एवढं वजन ओपनर, म्हणजे ती छताची पेटी, उचलतच नाही. ते उचलते दाराच्या वर आडव्या दांड्यावर बसवलेली जाडजूड पिळाची स्प्रिंग. दांड्याच्या दोन्ही टोकांना ड्रम असतात. त्यांच्यावर गुंडाळलेल्या पोलादी तारा दाराच्या खालच्या दोन कोपऱ्यांना अडकवलेल्या असतात. दार खाली येताना स्प्रिंग पिळली जाते, वर जाताना तीच ताकद परत देते. 4 इंची ड्रम असलेल्या 7 फुटी दाराच्या स्प्रिंगला बसवतानाच साधारण साडेसात वेढे दिलेले असतात.

म्हणजे हा तराजूचा खेळ आहे. एका पारड्यात दार, दुसऱ्यात स्प्रिंग, आणि मोटरने फक्त काटा इकडून तिकडे ढकलायचा. दोन्ही पारडी नीट तोललेली असतील, तर दहा-बारा वर्षांचं मूलही ते धूड हाताने वर करू शकतं.

म्हणूनच ओपनरमध्ये काहीही बिघाड वाटला, तरी पहिली परीक्षा दाराची घ्यायची. दार पूर्ण बंद असताना छताखालच्या रुळाला लोंबणारी लाल दोरी ओढून ते मोटरपासून सोडवायचं आणि हाताने कमरेपर्यंत उचलायचं. तिथेच थांबलं तर तोल ठीक आहे. धाडकन खाली येऊ लागलं, तर स्प्रिंग थकली आहे. झपकन वर पळालं, तर ताण जास्त आहे. आणि मुळात उचललंच गेलं नाही, तर मान वर करून स्प्रिंगकडे बघा. तुटलेल्या स्प्रिंगच्या वेटोळ्यांत दोन-एक इंचांची फट स्पष्ट दिसते. ती तुटताना इतका मोठा बार होतो, की घरातल्यांना गॅरेजमध्ये काहीतरी कोसळलं असंच वाटतं.

सर्वसाधारण स्प्रिंगचं आयुष्य 10,000 फेऱ्यांचं धरतात. एकदा उघडणं आणि एकदा बंद होणं मिळून एक फेरी. रोज चार फेऱ्या झाल्या तर सुमारे सात वर्षं. चौघं जण वेगवेगळ्या वेळी बाहेर पडणारं घर असेल तर त्याहून बरंच कमी.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायला हवी. ही पिळलेली स्प्रिंग घरमालकाने कधीही सोडवायला जाऊ नये. तिच्यात साठलेली ताकद हात मोडू शकते, जीवही घेऊ शकते. तिच्यासाठी खास पोलादी सळ्या लागतात आणि त्या वापरायचा सराव लागतो. बाकीची अर्धी दुरुस्ती घरी होऊ शकते, पण ही नाही.

गाडीच्या मागे दार घेऊन

वर सरकणारं, आडव्या फळ्यांचं गॅरेजचं दार 1921 साली सी. जी. जॉन्सन यांनी आणलं. त्याआधी गॅरेजला बाहेरच्या बाजूला उघडणारी दोन झडपं असत. बर्फ पडला की आधी फावडं घेऊन अंगण साफ करायचं, तेव्हा कुठे ती उघडणार. नवं दार लोकांना पटवायला जॉन्सन पती-पत्नी त्याची छोटी प्रतिकृती आपल्या गाडीच्या मागे बसवून गावोगाव विक्रेते शोधत फिरले. जड दार ज्यांना उचलवत नाही त्यांच्यासाठी त्यांनी 1926 मध्ये विजेवर चालणारा ओपनरही काढला. जॉन्सन यांचा कारखाना असलेल्या, इंडियाना राज्यातल्या हार्टफर्ड सिटी या छोट्या गावाचं नाव त्यामुळे या यंत्राच्या इतिहासात कायमचं आहे.

पांढऱ्या भुग्याचा पुरावा

आता त्या घुमणाऱ्या मोटरकडे वळू. अमेरिकेत वर्षानुवर्षं सर्वाधिक दिसणारा प्रकार म्हणजे साखळीचा ओपनर. पेटीत मोटरच्या दांड्यावर मळसूत्री आट्यांचं एक गिअर असतं, त्याला वर्म म्हणतात. ते वर्म एका दातेरी चाकाला फिरवतं. त्या चाकाच्या दांड्यावर, पेटीच्या बाहेर, साखळी ओढणारं स्प्रॉकेट असतं. मोटर भरभर फिरते, चाक सावकाश फिरतं, आणि साखळी दाराला ताशी अर्धा-पाऊण किलोमीटरच्या संथ गतीने वर नेते. सात फूट चढायला बारा-पंधरा सेकंद.

या सगळ्यातलं ते दातेरी चाक बऱ्याच ओपनरांत चक्क नायलॉनचं असतं, पांढऱ्या रंगाचं. मोटरचा आवाज नेहमीसारखा येतोय, पेटीवरचा दिवा लागतोय, पण साखळी तसूभरही हलत नाही, असं दिसलं तर बिघाड नव्वद टक्के या चाकापाशी आहे असं जुने मेकॅनिक छातीठोकपणे सांगतात. प्लग काढून पेटीचं झाकण उघडायचं. तळाशी ग्रीसमध्ये मिसळलेला पांढरा भुगा पडला असेल तर दुसरा पुरावा नको. चाकाचे दाते एका बाजूला पार सपाट झालेले असतात.

प्लास्टिकचं चाक म्हटल्यावर अनेकांना फसवल्यासारखं वाटतं. मला ती निवड शहाणपणाची वाटते. नायलॉन आवाज कमी करतं. शिवाय भार हाताबाहेर गेला आणि काहीतरी मोडायचंच असेल, तर मोटरची वाइंडिंग जळण्यापेक्षा किंवा दाराचा पत्रा फाटण्यापेक्षा एक चाक झिजलेलं शंभरदा परवडतं. गिअर आणि स्प्रॉकेटचा जोडसंच सुटा विकत मिळतो. हात वळणारा माणूस एका दुपारी तो बदलतो.

मात्र चाक बदलून मोकळं होऊ नये. दाते आपोआप झिजत नाहीत. स्प्रिंग थकलेली असते, रोलर अडकत असतात, किंवा ट्रॅक वाकलेला असतो. सगळा जादा भार आधी त्या चाकाने सोसलेला असतो. दाराचा तोल तपासल्याशिवाय नवं चाक बसवलं, तर त्याचाही भुगा व्हायला फार दिवस लागत नाहीत.

कुलूप नसलेलं कुलूप

ओपनर जोडलेला असताना बाहेरून दार उचलून बघा. जमणार नाही. त्याला वेगळं कुलूप लावलेलं नसतं. ही करामत त्या वर्मची आहे. वर्म चाकाला फिरवू शकतं, पण चाकाने उलट वर्मला फिरवायचं म्हटलं तर आट्यांच्या घर्षणामुळे ते होत नाही. त्यामुळे वीज गेलेली असली तरी दार घट्ट बंद राहतं.

जुन्या दारांना आतून सरकवायची एक कडीही असते. गावाला जाताना कुणीतरी ती लावतं आणि परतल्यावर सवयीने बटण दाबतं. दार कडीला अडकलेलं, वरून ओपनर ओढतोय, आणि वरच्या फळीचा पत्रा मधोमध वाकतो. विजेवर चालणाऱ्या दाराची ही कडी कायमची काढून टाकायची असते.

साखळी ताणू नका हो!

दार बंद असताना साखळी मधोमध थोडी लोंबलेली दिसते आणि घरातलं कुणीतरी उत्साहाने पाना घेऊन शिडीवर चढतं. ती थोडी लोंबणारच. दार उघडल्यावर साखळी पुन्हा आपल्या जागी येत असेल तर तिला हात लावायचं कारण नाही. रुळावर ती खडखड आपटत असेल, किंवा स्प्रॉकेटवरून दाते सोडत असेल, तरच नट फिरवायचा, तोही जरा जरा. जास्त ताणलेली साखळी स्प्रॉकेटच्या दांड्याला सतत एका बाजूला खेचते. त्याखालचं बुशिंग झिजतं, दांडा डुगडुगतो, आणि फिरून पुन्हा तोच पांढरा भुगा.

मळसूत्र, पट्टा आणि उलटा न्याय

1954 मध्ये ओहायोतल्या अलायन्स गावच्या अलायन्स मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने जीनी नावाचा रेडिओवर चालणारा ओपनर बाजारात आणला. घराच्या छपरावरचा टीव्हीचा अँटेना खालून फिरवायची यंत्रंही हीच कंपनी बनवत असे. पुढे जीनी हे नाव जोडलं गेलं ते मळसूत्री ओपनरशी. त्यात साखळी नाही, पट्टा नाही. रुळाच्या पोटात एक लांबलचक आट्यांचा दांडा गोल फिरतो आणि त्या आट्यांत दात रोवून बसलेली गाडी, म्हणजे ट्रॉली, पुढे-मागे सरकते. हलणारे भाग अगदी मोजके. त्याचे आजारही मोजकेच: मोटर फिरते पण दांडा फिरत नाही, तर दोघांना जोडणारा कपलर तुटलेला. दांडा फिरतोय पण दार मधेच घसरतंय, कट्कट् आवाज करतंय, तर गाडीचे दात झिजलेले. आणि थंडीत दार रखडत असेल, तर दांड्यावरचं ग्रीस घट्ट झालेलं. या प्रकाराला थंडीतही मऊ राहणारं ग्रीस लागतं. मिनेसोटासारख्या राज्यात चुकीचं ग्रीस भरलं, तर जानेवारीत ते यंत्र घायकुतीला आलंच म्हणून समजा.

पट्ट्याचा ओपनर सगळ्यांत शांत. दातेरी रबरी पट्टा, आत पोलादी किंवा काचतंतूंच्या दोऱ्या. वर झोपायची खोली असेल तर लोक हाच घेतात. पट्टा ढिला पडला की दाते सुटतात आणि दार आपली थांबायची जागा विसरतं. कधी जमिनीपासून चार बोटं वरच राहतं. साखळीवर हलका हात फिरवतात तसा पट्ट्यावर तेलाचा हात फिरवायचा नाही. तेलाने रबर खराब होतं आणि धूळ चिकटते.

जर्मनीतल्या झोमर कंपनीने तर न्यायच उलटा केला. त्यांच्या ओपनरमध्ये साखळी जागच्या जागी ताणून बसवलेली असते आणि मोटरच तिच्यावर चालत दाराला घेऊन जाते. दार उघडताना मोटर छताखालून सरकताना बघायला फार मजा येते.

आणखी एक जात भिंतीवर, दाराच्या शेजारी बसते आणि स्प्रिंगचा दांडाच थेट फिरवते. तिची एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते: हा ओपनर दाराला खाली ढकलू शकत नाही. तो फक्त तारा सैल सोडतो आणि दार स्वतःच्या वजनाने खाली येतं. ते वाटेत कुठे अडकलं आणि मोटर तारा सोडतच राहिली, तर तारा ड्रमवरून उतरतात आणि मोठा गुंता होतो. म्हणून या प्रकारात तारेचा ताण ओळखणारा एक छोटा पहारेकरी बसवतात. असं दार मधेच थांबलं तर बटण पुन्हा पुन्हा दाबू नका. आधी दोन्ही तारा जागेवर आहेत का ते बघा.

कान देऊन ऐका

नुसतं गुं गुं, पण काहीच फिरत नाही: अनेक जुन्या मोटरींत हे स्टार्ट कपॅसिटर गेल्याचं लक्षण असतं. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली असते, त्यामुळे माहिती नसेल तर बोट घालू नये.

दार सहा-आठ इंच सरकतं आणि थांबतं: मोटर किती फिरली हे मोजणारा सेन्सर बिघडलेला असू शकतो. मोटर फिरत असते, पण फेऱ्यांचा हिशोब लागत नाही म्हणून यंत्र घाबरून थांबतं.

मुलांनी खेळता खेळता दहा वेळा दार वर-खाली केलं आणि ओपनर गप्प झाला: मोटर तापली. अर्धा तास थांबा, बहुतेक वेळा आपोआप सुरू होतो.

साखळी धावते, ट्रॉली धावते, दार तिथेच: कुणीतरी लाल दोरी ओढून ठेवलेली आहे. खर्च शून्य.

थंडीच्या सकाळी यंत्र कण्हतं आणि दार सुटत नाही: खालची रबरी पट्टी काँक्रीटला गोठून चिकटली आहे. पुन्हा पुन्हा बटण दाबलं तर रबर फाटतं, नाहीतर दाते जातात. गरम हवेचा ड्रायर किंवा प्लास्टिकचं फावडं घेऊन पट्टी हळूच सोडवायची. गरम पाणी ओतलं तर तेच पाणी थोड्या वेळाने पुन्हा गोठतं.

क्षेपणास्त्राचा फवारा

घरोघरी दिसणारा डब्ल्यूडी-40 हा निळ्या-पिवळ्या डब्यातला फवारा 1953 साली सॅन डिएगोच्या रॉकेट केमिकल कंपनीत तयार झाला. ओलावा हटवून गंज रोखायचा, हे त्याचं काम. चाळिसाव्या प्रयत्नात सूत्र जमलं. सुरुवातीला तो ॲटलस क्षेपणास्त्राच्या पातळ पत्र्यावर वापरला गेला. गंजलेला नट सोडवायला तो उत्तमच आहे. पण दाराच्या बिजागऱ्यांना आणि बेअरिंगना टिकाऊ वंगण हवं असतं. हा फवारा असलेलं ग्रीसही पातळ करून वाहून नेतो आणि थोड्या दिवसांत दार पुन्हा करकरतं. त्याऐवजी लिथियम ग्रीस किंवा सिलिकॉनचा फवारा बिजागऱ्यांना, स्प्रिंगच्या वेटोळ्यांना, रोलरच्या बेअरिंगना द्यावा. बाजूच्या ट्रॅकना मात्र काहीही लावायचं नाही, ते फक्त फडक्याने पुसायचे. तिथल्या ग्रीसमध्ये धूळ बसते आणि रोलर फिरायचे सोडून फरफटत जातात.

दीड इंचाची परीक्षा

हा भाग घाईने वाचू नका. एके काळी या दारांखाली सापडून अमेरिकेत लहान मुलं दगावली. त्यानंतर 1990 च्या कायद्याने नियम कडक केले. 1 जानेवारी 1993 पासून बनलेल्या घरगुती ओपनरांत वस्तू लागताच उलटं फिरण्याखेरीज आणखी एक संरक्षण सक्तीचं झालं. बहुतेक घरांत ते दाराच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून सहा इंचांच्या आत बसवलेल्या प्रकाशडोळ्यांच्या रूपात दिसतं.

परीक्षा सोपी आहे. अमेरिकेत टू-बाय-फोर म्हणून मिळणारी लाकडी फळी दाराखाली मधोमध आडवी ठेवायची आणि दार बंद करायचं. नाव दोन इंचांचं असलं तरी ती प्रत्यक्षात दीड इंच जाड भरते. फळीला टेकल्यावर दोन सेकंदांत दार परत वर जायला हवं. दर महिन्याला एकदा हे बघावं.

आणि इथेच घरगुती दुरुस्तीतली सगळ्यांत वाईट सवय आड येते. दार जड झालं, मधेच थांबू लागलं, की लोक पेटीमागचा जोर वाढवायचा स्क्रू पिळतात. दार चालू लागतं, सगळे खूश होतात. पण स्प्रिंगचं दुखणं तसंच राहतं, नायलॉनचं चाक जास्त दाबाखाली येतं, आणि एखाद्या मुलाच्या अंगावर दार टेकलं तर ते उलटं फिरायला जास्त जोर लागतो. जोर वाढवावासा वाटला, तर तो स्प्रिंग तपासायचा इशारा समजा.

सगळं शहर एकदम अडकलं तेव्हा

कधी कधी यंत्रात खरंच काही बिघडलेलं नसतं. 2006 च्या अखेरीस कोलोरॅडो स्प्रिंग्ज शहरात असंख्य घरांचे रिमोट एकाच वेळी मुके झाले. जवळच्या हवाई दलाच्या तळावर नव्या रेडिओ यंत्रणेची चाचणी चालू होती आणि तिचे संदेश रिमोटच्याच 390 मेगाहर्ट्झच्या आसपास होते. लष्कराच्या बलदंड संदेशापुढे खिशातल्या रिमोटचा क्षीण आवाज ऐकूच जाईना. आज पेटीतला स्वस्त एलईडी दिवाही असाच गोंधळ घालू शकतो. भिंतीवरचं बटण चालतं पण रिमोट चालत नाही, असं असेल तर साखळी, पट्टा, गिअर सगळे निर्दोष. शिडी लावायची गरजच नाही.

लाल दोरी

ऑक्टोबर 2017 मध्ये उत्तर कॅलिफोर्नियात वणवे पेटले, वीज गेली, आणि काही जण, विशेषतः वयस्क, गॅरेजचं दार उघडता न आल्यामुळे गाडी बाहेर काढू शकले नाहीत. त्यातल्या काहींचा जीव गेला. त्यानंतर कॅलिफोर्नियाने कायदा केला: 1 जुलै 2019 पासून राज्यात विकल्या किंवा बसवल्या जाणाऱ्या घरगुती ओपनरला पर्यायी बॅटरी हवीच.

बॅटरी असो वा नसो, घरातल्या प्रत्येकाला ती लाल दोरी माहीत हवी. ती जमिनीपासून साधारण सहा फुटांवर लोंबत असते. महिनाभर राहायला आलेल्या आजी-आजोबांनाही ती पहिल्याच आठवड्यात दाखवा आणि एकदा त्यांच्याकडून ओढून घ्या. मात्र ओढताना दार शक्यतो पूर्ण बंद असावं. उघड्या दाराची स्प्रिंग तुटलेली असेल आणि दोरी ओढली, तर 70 किलो सरळ खाली येतात. पुन्हा जोडायची पद्धत वेगवेगळ्या ओपनरांत थोडी वेगळी असते. काहींत दोरी दाराच्या दिशेने ओढून खटका परत लावावा लागतो, काहींत नुसतं बटण दाबलं की ट्रॉली येऊन खट् आवाज करत जुळते. आपल्या यंत्रात कोणती चालते, हे वीज असताना, उजेडात, एकदा करून बघा.